बियाण्याची कणगी आणि गर्भिणीचा वाटा

शेतकऱ्याच्या घरांत कितीहि टंचाई पडली, तरी एका कणगीस हात लावावयाचा नाहीं, असा दंडक आम्ही लहानपणापासून पाहत आलों. ती कणगी बियाण्याची. दागिना सावकाराकडे गेला, घरचीं माणसें अर्धपोटीं निजलीं, तरी राख व निंबाचा पाला घालून ठेवलेलें बीं पेरणीपर्यंत जसेंच्या तसें राही. आज बहुतेक बीं दुकानांतून पिशवीनें येतें. तरी पेरणीचे पैसे आधीं बाजूस काढावयाचे व मग बाकीचा खर्च, ही रीत सुटलेली नाहीं. बीं खाल्लें तर पुढच्या सालीं खावयास कांहीं उरणार नाहीं, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. त्याच शेतकऱ्यास आज आम्हांस एक प्रश्न विचारावयाचा आहे. ज्या घरांत सून गरोदर आहे, त्या घरांत तिच्या वाट्याचें धान्य असें बाजूस काढून ठेवलेलें आपणांपैकीं कितीजणांनीं पाहिलें आहे?

ह्या मासिकांत खतें, पाणी, बाजारभाव व कर्ज ह्यांची चर्चा व्हावयाची; तेथें गर्भिणीचें जेवण आणि तिच्या मनाची खिन्नता हा विषय कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. हा बायकांचा विषय, तो माजघरांतच राहावा, असेंहि कोणी म्हणेल. आम्ही वैद्य नव्हे. मराठी सातवीपर्यंत शिकून महसूल खात्यांत लागलों आणि कारकुनी करतां करतां निवृत्त झालों. परंतु नोकरीच्या निमित्तानें शेतकऱ्यांचीं जेवढीं घरें आम्हांस आंतून पाहावयास मिळालीं, तेवढीं फार थोड्यांस मिळत असतील. आणि जें पाहिलें त्याविषयीं मौन धरणें आतां आम्हांस योग्य वाटत नाहीं. शिवाय घरांतील धान्याची वाटणी हा शेतीचाच भाग आहे, व त्या वाटणीचा अधिकार आपल्या समाजांत बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाकडे व त्याच्या आईकडे असतो. म्हणून हा विषय पुरुषांनींच आधीं वाचला पाहिजे.

आमच्या दप्तरांत काय नव्हतें? सातबाऱ्यावर एकेका गुंठ्याची नोंद होती. पीकपाहणींत ज्वारी किती, कापूस किती, पड किती, हें लिहिलें जाई. पैसेवारी पन्नास पैशांच्या खालीं उतरली कीं टंचाईच्या सवलतींचीं कागदपत्रें सुरू होत. चारा-छावणी उघडली म्हणजे मोठीं जनावरें किती, लहान किती, प्रत्येकास रोज चारा किती द्यावयाचा, ह्याचें प्रमाण सरकारांतून ठरून येई, व त्याप्रमाणें रोजची मोजणी होई. गाभण गाईकडे तर मालक जातीनें लक्ष देई. तिला पेंड वेगळी, तिला लांब चालवावयाचें नाहीं. ह्यांत वावगें कांहींच नाहीं. जनावर जगलें पाहिजे. पण त्याच छावणीच्या वाटेनें डोक्यावर दोन घागरी घेऊन चाललेली गरोदर बाई आमच्या कोणत्याहि रकान्यांत येत नसे.

२०१५ च्या खरिपांत मराठवाड्यांत पावसानें दगा दिला, आणि २०१६ च्या उन्हाळ्यांत लातुरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें वाचकांस स्मरत असेल. त्या टंचाईंत आम्ही एका गांवीं पंचनाम्यास गेलों होतों. घर आठ एकरांच्या खातेदाराचें. भिकेस लागलेलें नव्हे. ओसरीवर बसून आम्ही कागद लिहीत असतां घरची थोरली सून टँकरवरून पाणी आणून टाकीत होती. सातवा महिना असावा. चौथ्या खेपेस ती उंबऱ्यांत बसली ती बसलीच. सासू म्हणाली, "हिचं असंच आहे. कामांत मन नाहीं, बोलत नाहीं, लेकराकडे बघत नाहीं. देवाचं केलं, अंगारा लावला, गुण नाहीं." तेवढ्यांत शेजारची एक म्हातारी आमच्याकडे वळून म्हणाली, "भाऊसाहेब, ह्या घरांत भाकरी मोजून होते. मोजणारी हीच, आन् कमी पडते ती बी हिचीच."

कोणी कांहीं बोललें नाहीं. सासू खालीं पाहूं लागली. ती दुष्ट बाई नव्हती. तिनेंहि आपल्या तरुणपणीं असेंच खाल्लें होतें. आम्हीं पंचनामा पुरा केला, सह्या घेतल्या आणि पुढच्या घरीं गेलों. पिकाचें नुकसान शेंकडा किती, हें आम्हीं लिहिलें. म्हातारीनें सांगितलेलें नुकसान लिहावयास कागदावर जागा नव्हती. पुढें कळलें कीं, मूल अपुऱ्या वजनाचें झालें, आणि आई कित्येक महिने त्यास जवळ घेईना.

दुसऱ्याच्या घरचें सांगून आपलें झांकावें हें बरें नव्हे. आमच्या दुसऱ्या मुलाच्या वेळीं आमचें बिऱ्हाड तालुक्याच्या गांवीं होतें. पगार होता, पण थोरल्या बंधूंच्या विहिरीचें कर्ज फेडण्यास त्यांतला मोठा भाग गांवीं जाई, व दाणे गांवाहून येत. कधीं वेळेवर येत, कधीं येत नसत. घरीं येणारा-जाणारा फार. त्या महिन्यांत आमचें कुटुंब गप्पगप्प असे, रात्रीं झोंप नसे, भरल्या घरांत एकाएकीं रडूं येई. आम्ही तो नाजूकपणा समजून एकदोनदां रागावलोंहि. पुष्कळ वर्षांनीं, मुलें मोठीं झाल्यावर, सहज बोलण्यांत त्यांनीं सांगितलें कीं, त्या दिवसांत रोज संध्याकाळीं डब्यांत हात घालून पीठ किती उरलें हें त्या चांचपून पाहत, आणि दारांत पाहुणा दिसला कीं पोटांत गोळा उठे. "फारशी उपाशी नव्हतें राहिलें," त्या म्हणाल्या, "पण उद्यांचं काय, हेंच सारखं मनांत असायचं." हिशेब ठेवणें हा ज्याचा धंदा, त्यास स्वतःच्या घरच्या पिठाच्या डब्याचा हिशेब माहीत नव्हता!

ह्या "उद्यांचं काय" ह्यालाच हल्लींचे जाणते लोक अन्नाची अशाश्वती म्हणतात. उपासमार निराळी आणि ही निराळी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें ही अशाश्वती मोजण्यासाठीं आठ प्रश्न ठरविले आहेत. त्यांतला पहिला प्रश्न पोटाचा नाहींच. पुरेसें अन्न मिळेल कीं नाहीं ह्याची काळजी वाटली काय, असा तो आहे. मग क्रमानें विचारतात: सकस अन्नास मुकावें लागलें काय, त्याच त्या दोनचार जिनसांवर भागवावें लागलें काय, एखादें जेवण टाळावें लागलें काय, कमी खाल्लें काय, घरांतलें अन्न संपलें काय, भूक असून खातां आलें नाहीं काय, आणि शेवटीं सबंध दिवस उपाशी काढला काय. म्हणजे उपास ही शेवटची पायरी. पहिली पायरी काळजीची. आणि ती पहिली पायरी पक्क्या घरांत, स्वतःच्या नांवानें सातबारा असलेल्या घरांतहि असते.

जमीन असून असें कां व्हावें? आमच्या मतें ह्याचीं कारणें तीन. पहिलें, घरची कणगी गेली. ज्वारी, बाजरी, तूर, मूग घरांत येत होतीं, तोंवर सालभराच्या भाकरीचा अंदाज घरच्या बाईस कणगीकडे पाहून येई. सोयाबीन, कापूस, ऊंस हीं पिकें शेतांतून परभारें बाजारांत जातात. त्यांचा पैसा बहुधा पुरुषाच्या खात्यांत येतो, त्यांतून कर्जाचा हप्ता व खतांची उधारी वजा होते, आणि खावयाचें धान्य पुष्कळदां आठवड्याच्या बाजारीं विकत आणावें लागतें. ह्या पिकांशीं आमचें वैर नाहीं. पण जी बाई पूर्वीं कणगीकडे पाहत असे, ती आतां नवऱ्याच्या खिशाकडे पाहते, आणि खिशांत किती आहे हें तिला कोणी सांगत नाहीं. दुसरें, घरचें दूध गेलें. पहांटे धार काढावयाची, चहापुरतें ठेवावयाचें, बाकी सारें डेअरीवर. अंडीं व भाजी ह्यांचीहि तीच वाट.

तिसरें कारण सर्वांत जुनें, व तें म्हणजे जेवणाचा क्रम. आधीं पुरुष, मग मुलें, मग वडीलधारीं, आणि सर्वांचें झाल्यावर ती. कालवण संपलें असेल तर भाकरीवर ठेचा. शेवटचें ताट सदा एकाच माणसाचें असतें, आणि घरांत तूट आली म्हणजे ती शेवटच्याच ताटांत दिसते. त्यांत आणखी एक समजूत अशी कीं, गरोदरपणीं फार खाल्लें तर मूल मोठें होऊन बाळंतपण अडतें. तेव्हां कमी जेवणें हेंच शहाणपण ठरतें. आषाढ-श्रावणांत, म्हणजे घरांतलें जुनें धान्य संपत आलेलें व नवें शेतांत उभें असतां, खुरपणीचें काम सर्वांत जास्त असतें. त्या दिवसांत जिचे पांचवा-सहावा महिना चालू असेल, तिची स्थिति वाचकांनींच मनांत आणावी.

आपल्या पूर्वजांस हें मुळींच कळत नव्हतें असें नाहीं. डोहाळे पुरवावे, पहिलें बाळंतपण माहेरीं करावें, सातव्या महिन्यांत डोहाळजेवण करून ओटी भरावी, ह्या रीतींत दोन जिवांच्या बाईस पोटभर खाऊं घालण्याची व तिचें मन प्रसन्न ठेवण्याची सोय आहे. पण एक दिवस पांच पक्वान्नें आणि बाकीचे दिवस उरलेलें अन्न, असा त्या रीतीचा सांगाडा तेवढा राहिला. शिवाय माहेरचा आसरा पहिल्या खेपेस. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस ती सासरींच असते, आणि पहिली मुलगी झाली असेल तर तिच्या ताटाकडे पाहणारांची नजरहि बदललेली असते.

आतां जाणत्यांनीं केलेल्या अभ्यासांकडे वळूं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा गरोदरपणांत अभ्यास केला. हीं माणसें आपल्यासारखींच, शेतीवर जगणारीं. तेथील मुलांचें जन्माचें वजन सरासरी सुमारें २.७ किलो भरलें. ज्या बायकांच्या खाण्यांत पालेभाजी, फळें व दूध अधिक होतें, त्यांचीं मुलें अधिक भरदार होतीं. आणि ज्यांच्या अंगावर घरचें, शेतांतलें व पाणी वाहण्याचें काम अधिक, त्यांचीं मुलें लहान होतीं. सबंध देशाचें पाहिलें तर, डायान कॉफी ह्यांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें भारतांतील शेंकडा ४२ स्त्रिया गर्भ राहतेवेळींच कमी वजनाच्या असतात, आणि सबंध गरोदरपणांत त्यांचें वजन सरासरी ७ किलोच वाढतें. २०१९ ते २०२१ ह्या काळांतल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत शंभर गर्भिणींपैकीं ५२ जणींच्या अंगांत रक्त कमी आढळलें.

हें शरीराचें झालें. मनाविषयीं गोव्यांतला अभ्यास फार बोलका आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी ह्यांनीं तेथील २७० बायकांची गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांपासून पुढें विचारपूस केली. तिचा वृत्तान्त २००२ सालीं प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनीं शेंकडा २३ जणी खिन्नतेच्या विकारानें ग्रासलेल्या होत्या, आणि त्यांपैकीं शेंकडा ७८ जणींचें मन गरोदरपणांतच ढांसळलेलें होतें. कारणें पाहतां गरिबीची ओढ, नवऱ्याशीं बेबनाव व मारहाण, आणि मुलगा हवा असतां मुलगी होणें, हीं पुढें आलीं. खिन्न आईचें मूल सहाव्या महिन्यांत वजनास व लांबीस मागें पडतें, हेंहि त्यांच्या पुढच्या अभ्यासांत दिसलें. अन्नाची अशाश्वती जेथें अधिक तेथें गर्भिणींत खिन्नता अधिक, असें निरनिराळ्या देशांतील पुष्कळ अभ्यासांत आढळलें आहे.

हें घडतें कसें, तें समजणें कठीण नाहीं. रक्त कमी असलें कीं हातपाय गळतात, दम लागतो, कशांत उमेद राहत नाहीं. काळजीनें झोंप जाते, आणि झोंप गेली कीं मन थाऱ्यावर राहत नाहीं. त्याहून खोल गोष्ट निराळीच आहे. "तूं जेवलीस काय?" असें जिला घरांत कोणी विचारीत नाहीं, तिच्या मनांत हळूहळू असें येऊं लागतें कीं, आपण ह्या घरास नकोंत, आणि पोटांतलें मूलहि नको. उलट, मन एकदां खचलें म्हणजे समोर ताट आलें तरी घांस उतरत नाहीं, गोळ्या घ्यावयाचें राहतें, तपासणीस जाणें टळतें. भुकेनें मन खचतें व खचलेल्या मनानें भूक मरते, असें हें रहाटगाडगें आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सगळीच खिन्नता भुकेची नसते. भरल्या घरांतल्या, लाडांत वाढलेल्या बाईसहि गरोदरपणांत ती होते. तो आजार आहे, दोष नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणें, कशांतच गोडी न वाटणें, झोंप व भूक बिघडणें, कारणाशिवाय रडूं येणें, आपण निरुपयोगी आहोंत असें वाटणें, हीं त्याचीं लक्षणें. "आळशी आहे", "नखरे करते", "बाहेरचें कांहीं लागलें", अशी नांवें देऊन ती जात नाहींत. अशा वेळीं आशाताईस सांगावें, प्राथमिक आरोग्य केंद्रांत दाखवावें. १४४१६ ह्या क्रमांकावर २०२२ पासून सरकारतर्फे मनाच्या आजाराविषयीं फोनवर विनामूल्य सल्ला मिळतो. आणि बाई जर जीव देण्याची भाषा बोलूं लागली, तर तिला क्षणभरहि एकटी सोडूं नये व तसेंच दवाखान्यांत न्यावें. शेतकऱ्याच्या घरांत फवारणीचें औषध खुंटीस टांगलेलें किंवा पलंगाखालीं सारलेलें असतें. तें आजच्या आज कुलपांत जावें, हें प्रत्येक वाचकास आमचें हात जोडून सांगणें आहे.

आम्ही हा विषय चारचौघांत काढला म्हणजे तीन आक्षेप येतात. पहिला असा कीं, आमच्या आयांनीं खुरपतां खुरपतां मुलें प्रसवलीं, त्यांस कोठें असला आजार झाला? ह्यावर उत्तर एवढेंच कीं, ज्या वांचल्या त्यांच्याच गोष्टी आपण ऐकतों. ज्या बाळंतपणांत गेल्या, किंवा ज्यांनीं विहीर जवळ केली, त्यांच्या गोष्टी घरांत सांगत नाहींत. जुन्या माणसांस विचारावें. एखादी चुलती, एखादी आत्या अशी निघाल्याशिवाय राहणार नाहीं.

दुसरा आक्षेप, सरकार देतेंच कीं सारें! देतें, हें खरें. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानें प्रत्येक गर्भिणीस, व बाळंतपणानंतर सहा महिने प्रत्येक मातेस, अंगणवाडीमार्फत विनामूल्य आहाराचा हक्क दिला आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेंत २०१७ पासून पात्र मातेस पहिल्या अपत्यासाठीं ५,००० रुपये, व २०२२ पासून दुसरें अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. हें सारें घ्यावें. त्यांत कमीपणा नाहीं. पण अंगणवाडीचें पाकीट घरीं आलें कीं तें सर्वांच्या ताटांत वांटलें जातें, क्वचित् गोठ्यांतहि जातें, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. आदिवासी भागांत २०१५ पासून अमृत आहार योजनेंत गर्भिणीस अंगणवाडींतच बसवून एक वेळचें पुरें जेवण देण्याची रीत काढली, ती ह्याचसाठीं अधिक शहाणपणाची. बाकी ठिकाणीं सरकारचा हात उंबऱ्यापर्यंत पोंचतो. उंबऱ्याच्या आंत वाढणारा हात आपलाच असतो.

तिसरा आक्षेप असा कीं, भाकरीनें मन कसें बरें होईल? नुसत्या भाकरीनें होणार नाहीं. पण भाकरीवांचूनहि होणार नाहीं. मनाच्या औषधासाठीं मोठा डॉक्टरच हवा असें नाहीं, हेंहि आतां अनुभवास आलें आहे. पाकिस्तानांतील खेड्यांत थोडें शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनीं गर्भिणींशीं घरीं जाऊन बोलण्याचा क्रम ठेवला, तेव्हां त्यांच्यांतली खिन्नता निम्म्याहून कमी झाल्याचें २००८ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें गोव्यांत साध्या गृहिणींसच सखी म्हणून हें शिकवून पाहिलें. त्याचा गुण बेताचा, पण दिसण्याजोगा आला. सारांश, जवळ बसून विचारणारें माणूस व ताटांत पुरेसें अन्न, हीं दोन्ही हवींत, आणि दोन्ही आपल्या गांवांत आहेत.

तेव्हां करावें काय? आमची मुख्य सूचना एकच, आणि ती बियाण्याच्या कणगीवरून घेतलेली आहे. घरांत गर्भ राहिल्याचें कळतांच तिच्या नांवाचा वाटा वेगळ्या डब्यांत काढून ठेवावा व तो मोडूं नये. तो किती, ह्याचा हिशेब आम्हीं कारकुनी रीतीनें केला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणें गर्भिणीस नेहमीच्या पोटभर आहारावर रोज ३५० कॅलरी अधिक लागतात. ५० ग्रॅम ज्वारी, ३० ग्रॅम डाळ व २० ग्रॅम शेंगदाणे ह्यांत त्या भरून निघतात. तिसऱ्या महिन्यापासून बाळंतपणापर्यंत २१० दिवस धरले, तर ज्वारी साडेदहा किलो, डाळ सुमारें सव्वासहा किलो व शेंगदाणे सुमारें सव्वाचार किलो. मिळून २१ किलो. एका एकरास सोयाबीनचें बीं सुमारें ३० किलो लागतें. म्हणजे जो वाटा आम्ही मागत आहों, तो एका एकराच्या बियाण्याहूनहि कमी आहे! त्याखेरीज डेअरीवर जाण्याआधीं पेलाभर दूध, व परसांतली मूठभर पालेभाजी. ह्यानें कोणताहि खातेदार बुडणार नाहीं.

दुसरी गोष्ट क्रमाची. गर्भिणीचें ताट पहिल्या पंगतींत वाढावें. सासऱ्यानें एकदां "सूनबाई जेवली काय?" असें विचारून मग पाटावर बसण्याचा परिपाठ ठेवला, तर घरांत दुसऱ्या कोणाचा उपदेश लागणार नाहीं. तिसरी गोष्ट हिशेबाची. घरांत दाणे किती, हातीं रक्कम किती, पुढचा बाजार कसा होणार, हें तिला सांगावें. वाईट असलें तरी सांगावें. माहीत असलेल्या अडचणीपेक्षां न कळणारी अडचण मनास अधिक पोखरते.

चौथी गोष्ट आपल्या बांधावरच्या मजूर बाईची. आपली सून निदान आपल्या घरांत आहे. खुरपणीस येणाऱ्या बाईचें घर आपल्या रोजावर चालतें. रेशनवर प्राधान्य कुटुंबास माणशीं महिना ५ किलो धान्य मिळतें. पोटांतलें माणूस त्या मोजणींत धरीत नाहींत. ऊंसतोडीस आलेल्या टोळींतली गर्भिणी तर आपल्या गांवच्या अंगणवाडीपासूनहि तुटलेली असते. तिला जड मोळी उचलावयास लावूं नये, दुपारीं सावलींत बसूं द्यावें, मुकादमाकडे तिची चौकशी करावी, व जवळच्या अंगणवाडींत तिचें नांव घालावें. ज्याच्या फडांत ती तोडते, त्याचा एवढा धर्म आहे.

शेवटची सूचना आपल्या संस्थेस. संस्थेच्या गोदामांत खतांच्या थप्प्यांशेजारीं धान्याच्या पांच पोत्यांची जागा निघूं शकेल. सुगींत प्रत्येक सभासदानें दोन पायली धान्य घालावें, आणि आषाढ-श्रावणांत ज्या घरीं गर्भिणी असून दाणे संपले असतील, त्या घरीं तें बिनव्याजी, बिनबोभाट पोंचवावें. देणाराचें नांव फळ्यावर लिहूं नये आणि घेणाराचेंहि लिहूं नये. कोणत्या घरीं गरज आहे, हें आशाताई व अंगणवाडीताई सांगतील. १९७२ च्या दुष्काळांत आम्ही चार-पांच वर्षांचे होतों. तेव्हां मिळालेल्या सुकडीची चव आमच्या जिभेवर अजून आहे. ती आम्हांस कोणीं दिली, हें आम्हांस ठाऊक नाहीं. दिली म्हणून आम्ही आहों, एवढें ठाऊक आहे.

त्या आठ एकरांच्या घरीं आम्ही पुन्हां गेलों नाहीं. पण पंचनाम्याचा तो कागद डोळ्यांपुढें आला म्हणजे त्यांत एक रकाना वाढवावा असें आम्हांस वाटतें. आमच्या हातून तें झालें नाहीं. वाचकांनीं तो आपापल्या घरीं वाढवावा. त्यास सरकारी मंजुरी लागत नाहीं. येत्या सुगींत खळ्यावर रास उभी राहील, तेव्हां बियाण्याचें माप काढतांच दुसरें एक माप तिच्या नांवानें काढून ठेवावें, आणि त्या रात्रीं तिला जवळ बसवून तें कोठें ठेवलें आहे हें दाखवावें, एवढीच आमची विनंति आहे.

— एक निवृत्त महसूल कारकून